इंजीन बदलले, पण पुस्तक बदलले काय?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमचा पुतण्या घरी आला. आय.टी.आय.मधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण केलेला मुलगा. दिवसा गॅरेजमध्ये काम करतो आणि पहाटे स्वतःच्या जुन्या पिकअपने लोह्याहून नांदेडच्या मोंढ्यात भाजीपाला आणतो. चपला काढता काढताच म्हणाला, "काका, जयभीम. इंजीन मिळालंय. गिअरबॉक्ससगट. कॉमन रेलचं हाय. आपल्या गाडीत बसवून टाकतो. गाडी लई पळंल."

त्याच्या मागोमाग वहिनी आल्या. त्या खाली बसल्या आणि पदराने घाम पुसत एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगा याला. त्या वर्षीसारखं परत नको."

त्या वर्षी काय झाले, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. पण वस्तीवस्तीत आज अनेक मुले गॅरेजमध्ये पाना धरून उभी आहेत. जुनी गाडी घेऊन पोट भरणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. म्हणून घरची गोष्ट चार वाचकांसमोर ठेवावी असे आम्हास वाटले.

दारातली जुनी गाडी

आमच्या थोरल्या चुलतबंधूंनी, म्हणजे दादांनी, किल्लारीच्या भूकंपानंतर काही महिन्यांनी, सन १९९४ मध्ये, एक जुनी पेट्रोल पिकअप लिलावात घेतली. महिंद्राची, जीपच्या तोंडाची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा असलेली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी आईने तिला ओवाळले होते.

या जीपचा इतिहासही वाचकांनी जाणून घ्यावा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेसाठी जी विलिज जीप बनली, तिची जुळणी महिंद्रा कंपनीने मुंबईत १९४७ साली सुरू केली. पुढे सीजे-३बी या जातीची जीप आपल्याकडे कित्येक वर्षे बनत राहिली. तिच्यात 'हरिकेन' नावाचे सुमारे २,२०० सीसीचे पेट्रोल इंजीन असे. गाडी दणकट, चिखलातून निघणारी, कोणत्याही लोहाराकडे दुरुस्त होणारी. दोष एकच. पेट्रोल पिणारी.

दादांच्या गाडीचेही तेच. दिवसभराच्या भाड्यातून पेट्रोलचे पैसे वजा केले की हातात मीठ-मिरचीपुरते उरे. त्या काळी डिझेल पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त होते. सरकार दोन्हींचे भाव ठरवी आणि शेतकरी व मालवाहतूक यांच्यासाठी डिझेल कमी भावात ठेवी. (पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजारावर सोडला गेला. तेव्हापासून ते अंतर पुष्कळ कमी झाले.) त्यामुळे महाराष्ट्रभर लोक जुन्या जीप आणि अँबेसिडर गाड्यांतली पेट्रोल इंजिने काढून डिझेलची बसवीत होते. खुद्द महिंद्रानेही सत्तरच्या दशकात ट्रॅक्टरचे डिझेल इंजीन जीपमध्ये घातले होते. तेव्हा ही काही चोरटी युक्ती नव्हती. काळाची गरज होती.

उस्तादांच्या गॅरेजमध्ये

नांदेडमध्ये एक वयस्क मिस्त्री होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. शाळा पाहिलेली नाही, पण इंजिनाचा आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरचे नोझल गळते ते सांगत. त्यांनी बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स गाडीचे इंजीन सुचविले. मर्सिडीज कंपनीच्या परवान्याने पुण्यात बनणारे, ओएम ६१६ जातीचे, चार सिलिंडरचे, सुमारे २,४०० सीसीचे.

दादा म्हणाले, "उस्ताद, मॅटॅडोरमध्येबी हेच इंजीन असतंय म्हणे. ते स्वस्त पडंल."

उस्ताद हसले. मॅटॅडोरची पुढची चाके फिरतात, मागची नव्हे. तिचा गिअरबॉक्स पुढच्या चाकांनाच जोडलेला असतो. आपल्या गाडीची ताकद मागच्या चाकांना जाते. म्हणून इंजीन मॅटॅडोरचे चालेल, पण गिअरबॉक्स नाही. ट्रॅक्सचे घेतले तर दोन्ही एकाच जोडीचे मिळतील आणि एकमेकांशी भांडणार नाहीत. इंजीन व गिअरबॉक्स शक्यतो जोडीनेच घ्यावे, हा पहिला धडा आम्ही तिथे ऐकला.

शाळा सुटली की आम्ही गॅरेजमध्ये जाऊन बसत असू. जे पाहिले ते सांगतो.

चेन-कप्पीने जुने इंजीन उचलून बाहेर काढले. नवे आत टांगले आणि टांगलेलेच ठेवले. लगेच वेल्डिंग नाही. आधी मापे. खालचे ऑइलचे चेंबर पुढच्या अॅक्सलला आपटते काय, पंखा रेडिएटरला लागतो काय, सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला अडतो काय, हे पाहिले. पाइप अडत होता, म्हणून तो वाकवून घेतला. मग चेसिसवर नवे फाउंडेशन बसविले आणि इंजीन व चेसिसच्या मध्ये रबर ठेवले. डिझेल इंजीन जास्त हादरते. रबराशिवाय बसविले तर चेसिसला चिरा जातात.

डिझेल का हादरते, तेही उस्तादांनी समजावले. पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सुमारे सात पट दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटते. या डिझेल इंजिनात नुसती हवा सुमारे एकवीस पट दाबली जाते. ती इतकी तापते की डिझेलचा फवारा पडताच आपोआप पेटतो. तेवढ्याच तेलात जास्त काम होते ते यामुळेच. पण एवढा दाब सोसायचा म्हणजे इंजीन जाड आणि जड हवे. म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवावे लागले. नाहीतर गाडी नाक खाली घालून चालली असती.

गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे टोक इंजिनाच्या क्रँकच्या मधोमध एका छोट्या बेअरिंगमध्ये बसते. दोघांचे मध्य एका रेषेत हवेत. कागदाच्या जाडीएवढाही फरक राहिला तर गाडी चालेल, पण काही महिन्यांत क्लच आणि बेअरिंग जाईल. जोडी एकाच गाडीची असल्याने आमचे हे काम सोपे झाले. वेगळ्या कंपन्यांचे जोडायचे तर मध्ये जाड प्लेट लेथवर कापून घ्यावी लागते, आणि तिथेच अर्धे लोक फसतात.

नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब होता. म्हणून मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड केला आणि पुन्हा बॅलन्स करून आणला. त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे राहिले पाहिजेत. कोन बिघडला तर चाळीसच्या वेगाला सगळी गाडी थरथरते.

मग आला वेगाचा हिशेब. सीजे-३बी जीपच्या मागच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण सुमारे ५.३८ असते. चाक एकदा फिरायला शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला ४५५ वेळा फिरते आणि सरळ गिअरमध्ये इंजीन सुमारे २,४५० वेळा. जुन्या जीपला पुढे जाणारे गिअर तीनच. ज्या गिअरबॉक्सच्या वरच्या गिअरचे प्रमाण ०.८ असते, त्यात तेच इंजीन सुमारे १,९६० वेळा फिरते. तेवढी झीज कमी, आवाज कमी, तेल कमी. नुसते इंजीन न बदलता गिअरबॉक्सही का बदलावा, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

गाडी सुरू झाली तेव्हा गॅरेजमधल्या सर्वांना चहा पाजला गेला. दुसऱ्या दिवशी उस्ताद दादांना म्हणाले, "अब आर.टी.ओ. जाव. नंबर चढाव." दादा दोन दिवसांची मजुरी बुडवून गेले. इंजिनाची पावती दिली, तपासणी झाली, आणि नोंदणीपुस्तकात नवा इंजीन क्रमांक व 'डिझेल' हा शब्द चढला. त्या गाडीने पुढे दहा-अकरा वर्षे आमचे घर चालविले. आमची बी.कॉम.ची फी याच गाडीच्या भाड्यातून भरली गेली, हे आम्ही कधी विसरणार नाही.

त्या वर्षी काय झाले

सन २००६ मध्ये त्या इंजिनाचा ब्लॉक तडकला. उस्ताद तोवर थकले होते. दादांना भंगारबाजारात एक दुसरे, त्याहून नवे इंजीन गिअरबॉक्ससह स्वस्तात मिळाले. पावती नव्हती. विकणारा म्हणाला, "पावती कशाला? गाडी पळाली म्हंजी झालं." इंजीन बसले. गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळू लागली. पासिंगला चार महिने अवकाश होता. "तेव्हा बघू," असे सर्वांनीच ठरविले.

मध्येच विम्याचे नूतनीकरण आले. अर्ज आम्ही भरला. घरात कारकून आम्हीच! जुन्या पॉलिसीवरून इंजीन क्रमांक जसाच्या तसा उतरवला. गाडीत आता कोणते इंजीन आहे, हे आम्हास माहीत होते. तरीही उतरवला.

दोन महिन्यांनी दादा माल भरून लातूरहून परतत होते. अहमदपूरच्या पुढे उताराला गाडी आवरली नाही. रस्ता सोडून बाभळीवर गेली. इंजीन नवे होते, ब्रेक मात्र जुनेच होते. जुन्या वेगाला पुरणारे. दादांचा पाय मोडला. दुसऱ्या कोणास इजा झाली नाही, हे नशीब.

विम्याचा दावा केला. पाहणी झाली. पत्र आले. नोंदणीपुस्तकातील इंजीन क्रमांक व प्रत्यक्ष गाडीतील इंजीन क्रमांक जुळत नाही, सबब दावा नामंजूर. पोलिसांनी विचारले, हे इंजीन कुठल्या गाडीचे? पावती दाखवा. पावती कुठून आणणार? चोरीचा माल नाही हे पटविता पटविता आमच्या चपला झिजल्या. गाडी शेवटी भंगारात गेली. दवाखान्यासाठी वहिनींनी गळ्यातले मोडले. ते पुन्हा झाले नाही.

आम्ही त्या वेळी कंपनीला पुष्कळ शिव्या दिल्या. आज शांतपणे पाहता दोष आमचाच दिसतो. निरक्षर उस्तादांनी १९९४ साली जे सांगितले, ते पदवीधर कारकुनाने २००६ साली पाळले नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ याविषयी आहे. त्यातील मुद्दे सोप्या भाषेत असे :

१) उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीपुस्तकातील तपशील वेगळा होईल, असा बदल मालकास करता येत नाही.

२) इंजीन बदलले गेले असेल तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे मालकाचे कर्तव्य आहे.

३) सी.एन.जी., एल.पी.जी. किंवा बॅटरीवर गाडी चालविण्यासाठी मान्यताप्राप्त किट ठरलेल्या अटींनुसार बसविता येते.

४) गाडी भाडेखरेदीच्या कराराखाली असेल तर नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला की, मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ नव्या स्वरूपात आले. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

म्हणजे दादांनी १९९४ साली जे केले, ते आज त्याच रीतीने होईल असे समजू नये. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बी.एस.-६ हे धुराचे मापदंड लागू आहेत. सरकारची दृष्टी आता कडक आहे, आणि ती असावीही. धूर शेवटी रस्त्याकडेच्या वस्तीतल्या लेकरांच्याच छातीत जातो.

नव्या इंजिनांचे तंत्रही बदलले आहे. कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारहून अधिक दाबाने फवारले जाते, आणि किती व केव्हा फवारायचे हे एक छोटा संगणक ठरवितो. त्याला क्रँकचा सेन्सर हवा, अॅक्सिलरेटरचा सेन्सर हवा, संपूर्ण वायरिंग हवे. एक तार चुकली तर इंजीन मुके होते. उस्तादांच्या काळी पान्याने जमणारे काम आज पाना आणि स्कॅनर दोन्ही मागते.

हिशेब मांडून पाहा

बी.कॉम.ला शिकलेली एक गोष्ट आम्ही पुतण्याला करून दाखविली. समजा एक जुनी पेट्रोल गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर चालते आणि लिटरला ८ किलोमीटर देते. पेट्रोल १०० रुपये धरा. महिन्याचा खर्च १८,७५० रुपये. डिझेल इंजिनावर ती लिटरला १२ देईल आणि डिझेल ९० रुपये, तर खर्च ११,२५० रुपये. बचत ७,५०० रुपये. बदलाला दीड लाख लागले तर ते २० महिन्यांत फिटतात.

आता तीच गाडी महिन्याला ३०० किलोमीटरच चालत असेल तर? बचत १,५०० रुपये. दीड लाख फिटायला १०० महिने, म्हणजे आठ वर्षे चार महिने. तोवर गाडी तरी राहील काय? शिवाय कर्जाचे व्याज आणि गाडी उभी असलेल्या दिवसांची बुडालेली भाडी यात धरलेलीच नाहीत. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागते. पुस्तक जुळले नाही तर पासिंग नाही, आणि मग बचतीचा सगळा आकडा शून्य.

पुतण्याची गाडी तर आधीच डिझेलची. त्याची बचत याहूनही कमी!

हुनराला कमी लेखू नये

याचा अर्थ आपल्या मुलांनी हात बांधून बसावे असा नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून एक छोटी चारचाकी घरीच बनविली. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ सर्वत्र गेला. आनंद महिंद्रा यांनी त्यांच्या कल्पकतेचे कौतुक केले आणि त्याच वेळी हेही सांगितले की, ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

या एका गोष्टीत दोन्ही बाजू आहेत. हात सोन्याचे असले तरी रस्त्याला नियम आहेत. आणि प्रत्येक घराला बोलेरो मिळत नसते. म्हणून हुनराला कागदाची जोड हवी. आय.टी.आय.चे प्रमाणपत्र, अप्रेंटिसशिप, नव्या इंजिनांचे स्कॅनर चालविण्याचे शिक्षण, ही ती जोड आहे. उस्तादांच्या हातात विद्या होती, पण कागद नव्हता. म्हणून ते शेवटपर्यंत दुसऱ्याच्या गॅरेजात राहिले. आमच्या पुतण्याने तरी तसे राहू नये.

शेवटी काय ठरले

सोमवारी आम्ही रजा टाकली आणि पुतण्याला घेऊन आर.टी.ओ. कचेरीत गेलो. अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतले. वेगळ्या जातीचे इंजीन बसणार नाही. त्याच कंपनीचे, त्याच जातीचे इंजीन असेल, पावती असेल आणि आधी अर्ज केलेला असेल, तर विचार करता येईल. आणि आहे तेच इंजीन दुरुस्त केले तर ब्लॉक तोच, क्रमांक तोच. कुणाला विचारायचीही गरज नाही.

पुतण्याचे तोंड उतरले होते. परतताना दोन मिनिटे बोलला नाही. मग म्हणाला, "काका, रीबोअर करतो. पिस्टन-रिंगा नव्या टाकतो, पंप-नोझल कॅलिब्रेट करून आणतो. आन् आधी ब्रेक बघतो." आधी ब्रेक, हा शब्द ऐकून आम्हास बरे वाटले.

महिनाभरात गाडी पुन्हा लोह्याच्या रस्त्याला लागली. जुनेच इंजीन, पण धूर गेला आणि ओढ परत आली.

ज्या घरात असा विचार चालू असेल, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे : पाना हातात घेण्याआधी अर्ज हातात घ्या. पावतीशिवाय इंजीन विकत घेऊ नका. ज्या गाडीचे इंजीन आहे तिचे कागद मागा. वेग वाढविण्याआधी ब्रेक, पाटे आणि स्टिअरिंग तपासा. विम्याचा अर्ज भरताना गाडीखाली वाकून क्रमांक स्वतः वाचा. जुन्या कागदावरून उतरवू नका. आणि घरातल्या बाईला विचारल्याशिवाय दागिना मोडायचे ठरवू नका. कारण इंजीन बंद पडले तर गाडी थांबते, पण गळ्यातले गेले तर त्या माउलीची आयुष्यभराची पुंजी जाते.

परवा वहिनींकडे गेलो होतो. गाडीचे पुस्तक, विम्याचा कागद आणि दुरुस्तीच्या पावत्या त्यांनी एका पिशवीत घालून ट्रंकेत ठेवल्या आहेत. म्हणाल्या, "मला वाचता येत नाही भाऊजी, पण नातीकडून दोन्ही नंबर वाचून घेतले. जुळतात."